शिबिराच्या दुसऱ्या दिवशी

संध्याकाळचे पावणेसहा वाजले होते. शाळेच्या हॉलमधल्या खुर्च्या एकात एक बसवून झाल्या होत्या, बॅनर उतरला होता, चहाचा थर्मास परत करायला एक जण निघाला होता. टोकनची वही तीनशेच्या पुढे गेली होती आणि आम्ही सगळे त्याच आनंदात होतो. तेवढ्यात दारात एक खाला येऊन उभ्या राहिल्या. चार घरची धुणीभांडी उरकून थेट आलेल्या. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आधार, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला. "हो गया क्या बेटा? मैं तो काम पे से सीधी आयी," त्या म्हणाल्या.

झाले होते. वकील ताई निघून गेल्या होत्या, फॉर्म भरणाऱ्या मुलाने लॅपटॉप आणि प्रिंटर गुंडाळला होता. मी कागद पाहिले, संजय गांधी निराधार योजनेत अर्ज करता येईल असे सांगितले आणि सोमवारी तहसील कचेरीत जायला सुचवले. वहीत एक ओळ भरली. 'सेवेचा प्रकार' या रकान्यात लिहिले, 'मार्गदर्शन'. अहवालात त्या लाभार्थी झाल्या.

मी पोटासाठी सॉफ्टवेअर लिहितो. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिला एक नंबर मिळतो आणि ती सुटली की 'बंद' असा शेरा पडतो. नवखा इंजिनिअर पहिल्याच वर्षी एक लबाडी शिकतो. तक्रार न सोडवता ती दुसऱ्या विभागाकडे ढकलायची आणि आपल्या यादीतून बंद करायची. महिनाअखेरीचा आलेख छान दिसतो. खालांच्या नावापुढे 'मार्गदर्शन' लिहिताना मी तेच केले होते. हे लक्षात यायला मला महिना लागला.

महिन्याभराने आम्ही चौघे वही समोर घेऊन फोन करायला बसलो. अहवालासाठी दोन-चार यशोगाथा हव्या होत्या, हेतू एवढाच. बरेच फोन लागले नाहीत किंवा भलत्यानेच उचलले, कारण नंबर गर्दीत घाईघाईने लिहिले होते. जे लागले त्यांच्यात ई-श्रमची नोंदणी झालेले पुष्कळ निघाले. ते काम जागेवर होण्यासारखेच आहे. १६ ते ५९ वयाचा असंघटित कामगार, आधार, मोबाइल आणि बँक खाते जवळ असले की थोड्या वेळात कार्ड हातात पडते. चश्मे मिळालेली माणसेही खूश होती. पण निराधार योजना, जातीचा दाखला, रेशनकार्डात सुनेचे नाव घालणे, नवऱ्याने सोडल्यानंतरची पोटगी, म्हणजे ज्या कामांसाठी लोक खरे तर आले होते, त्यांत शेवटचा कागद हातात पडलेली माणसे मोजायला दोन हातांची बोटे पुरली. बाकीच्यांनी एक फेरी मारली होती, काहीतरी कमी आहे म्हणून परत पाठवले गेले होते आणि दुसऱ्या फेरीसाठी पुन्हा एक खाडा करणे परवडले नव्हते. एक मावशी फोनवर म्हणाल्या, "तुम्ही त्या दिवशी एवढं प्रेमानं बोललात, मला वाटलं झालंच काम."

आपल्या चळवळीत शिबिर हा प्रकार सर्वांना आवडतो. एक रविवार द्यायचा, पन्नास स्वयंसेवक जमतात, डॉक्टर मित्र येतात, वकील येतात, तरुण मुलामुलींना वस्ती पहिल्यांदा जवळून दिसते. हे सगळे चांगलेच आहे. २०२३ मध्ये राज्य सरकारने 'शासन आपल्या दारी' हा कार्यक्रम काढला, जिल्ह्याजिल्ह्यांत मांडव पडले, व्यासपीठावरून लाभार्थ्यांचे आकडे सांगितले गेले. त्या मांडवांची थट्टा आम्हीही केली होती. आता आमचाच अहवाल वाचताना जाणवले की त्यात आणि आमच्यात फरक मांडवाच्या आकाराचा आहे. आकडा आम्हीही माणसांचाच दिला होता, पूर्ण झालेल्या कामांचा दिला नव्हता.

काम एका दिवसात का होत नाही, याची कारणे कागदांतच आहेत आणि ती समजून घेतल्याशिवाय पुढचे शिबिर घेण्यात अर्थ नाही.

पहिले नावाचे. शेख हे आडनाव मराठीत दोन अक्षरांचे. इंग्रजीत कोणी त्यात 'ए आय' लिहितो, कोणी 'ई आय', कोणी शेवटचा 'एच' गाळतो. आधार काढणाऱ्या मुलाने एक लिहिले, बँकेतल्या साहेबाने दुसरे, रेशन दुकानदाराने तिसरे. बाईच्या नावापुढे कुठे 'बी' आहे, कुठे 'बेगम', कुठे काहीच नाही. आपल्या सरकारी फॉर्मला नाव, वडिलांचे किंवा नवऱ्याचे नाव आणि आडनाव असे तीन डबे हवे असतात. ज्यांच्या घरात आडनाव वापरायची रीतच नव्हती त्यांच्या तिसऱ्या डब्यात कारकुनाच्या मनाला येईल ते पडते. माणसाला हे एकच नाव आहे हे कळते. संगणकाला कळत नाही, कारण आमच्यासारख्या कोणीतरी तो तसा लिहिलेला असतो. दोन नावांत एका अक्षराचा फरक पडला की अर्ज परत. हा त्रास मुसलमानांपुरता आहे असेही नाही. आमच्या शिबिरात आलेल्या पारधी आणि वैदू कुटुंबांची अवस्था याहून वाईट होती. त्यांच्यातल्या एका आजोबांचे नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेचे होते आणि वय त्यांनी स्वतः सांगितले त्याहून प्रत्येक कागदावर वेगळे.

मग उत्पन्नाचे. निराधार योजनेसाठी विधवा किंवा परित्यक्ता स्त्रीच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २१,००० रुपयांच्या आत असावे लागते. ही मर्यादा अनेक वर्षे तिथेच अडकलेली आहे. हिशेब करा: महिन्याला १,७५० रुपये, दिवसाला साठाच्या आत. पुण्यात एका घरची भांडी घासणारी बाईही या मर्यादेच्या बाहेर जाऊ शकते. त्यामुळे कचेरीबाहेरचा एजंट बाईला सरळ सांगतो, "काम करते म्हणून सांगू नका." आमच्या टेबलावर बसलेल्या एका मुलीने मला विचारले, "दादा, मी काय लिहू?" माझ्याकडे उत्तर नव्हते. खरे लिहिले तर अर्ज फेटाळला जाणार, खोटे लिहिले तर स्वयंघोषणापत्रावर सही त्या बाईची, जबाबदारी तिची. आमचे मत आम्ही आता ठरवले आहे. खोटे आम्ही भरणार नाही, पण जी बाई या मर्यादेमुळे अडली तिची वेगळी नोंद ठेवणार आणि त्या नोंदी घेऊन मर्यादा वाढवण्याची मागणी करत राहणार. हे उत्तर त्या बाईच्या या महिन्याच्या किराण्याला उपयोगाचे नाही, याची जाणीव आहे.

जातीच्या दाखल्याचे तर विचारू नका. इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा राज्यातल्या वास्तव्याचा पुरावा लागतो, विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्यांचे आयुष्यच एका गावाहून दुसऱ्या गावाला जाण्यात गेले, ज्यांना पोलीस पाटलाने तीन दिवसांवर गावात टिकू दिले नाही, त्यांच्याकडे साठ वर्षांपूर्वीच्या ठिकाणाचा कागद मागायचा. आपल्याकडे बागवान, अत्तार, तांबोळी, पिंजारी अशा समाजांतल्या कितीतरी घरांना आपण इतर मागासवर्गात येतो हेच माहीत नसते. माहीत झाले तरी आजोबांच्या शाळेचा दाखला शोधायला मूळ गावी जावे लागते. हे काम रविवारी दहा ते पाच कसे व्हायचे?

बँकेची गाठ त्याहून फसवी, कारण ती वरून दिसत नाही. एखाद्या बाईची तीन बँकांत खाती असतात आणि तिन्ही बँका सांगतात की आधार लिंक आहे. पण सरकारी योजनेचा थेट लाभ जातो तो एकाच खात्यात, ज्या बँकेशी आधार शेवटचे जोडले गेले त्या. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे पैसे सुरू झाले तेव्हा अनेक जणींना कळले की आपले पैसे कधीतरी उघडून विसरलेल्या खात्यात जमा होत आहेत. कोणते खाते जोडलेले आहे हे ऑनलाइन दोन मिनिटांत पाहता येते. मात्र त्यासाठी ओटीपी लागतो आणि ओटीपी जातो तो आधारवरच्या नंबरवर. तो नंबर मुलाचा असतो, मुलगा वेगळा राहतो. किंवा ते सिम केव्हाच बंद पडलेले असते.

म्हणजे निराधार योजनेच्या अर्जाआधी उत्पन्नाचा दाखला, त्याआधी रेशनकार्डावरचे नाव, त्याआधी आधारवरचे नाव, आणि या सगळ्याच्या तळाशी एक चालू मोबाइल नंबर. आमच्या धंद्यात याला अवलंबित्वाची साखळी म्हणतात आणि ती खालून वर सोडवावी लागते हे पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही सांगेल. आम्ही मात्र बारा टेबले ओळीने मांडली आणि माणसांना वाटेल त्या टेबलासमोर उभे केले. दोन तास रांगेत थांबून एक आजी सहाव्या टेबलावर पोहोचल्या आणि तिथे त्यांना कळले की आधी अकराव्यावर जायला हवे होते.

शिबिराच्या दिवशी खरे काम एकच, नीट निवडण्याचे. प्रत्येक माणसाशी पंधरा मिनिटे बसून त्याच्या साखळीतली पहिली तुटलेली कडी कोणती ते शोधायचे आणि कागदावर लिहून द्यायचे. अनुभवी कार्यकर्ती दाराशीच बसली पाहिजे. आम्ही दाराशी सर्वांत नवख्या मुलांना बसवले होते, टोकन वाटायला, आणि जाणत्यांना व्यासपीठाशेजारी पाहुण्यांच्या सरबराईला. याची लाज वाटते.

वेळही आम्ही आपल्या सोयीने ठरवली. रविवारी आम्हाला सुट्टी असते. घरकाम करणाऱ्या बाईला रविवारी उलट जास्त काम, कारण घरचे सगळे घरात असतात. भाजीच्या गाडीवाल्याचा तो धंद्याचा दिवस. कचरावेचक पहाटे निघतात आणि दुपारी वर्गवारी करत बसतात. दहा ते पाचच्या वेळेत आले ते वस्तीतले त्यातल्या त्यात सुस्थितीतले लोक, ज्यांना घरी थांबणे परवडते. पावणेसहाला आलेल्या खाला उशिरा आल्या नव्हत्या, त्या कामावरून सुटल्यावर लगेच आल्या होत्या.

आरोग्याच्या टेबलाबद्दल थोडे. 'शिबिर' या शब्दाला आपल्या देशात एक काळा इतिहास आहे. आणीबाणीतली नसबंदीची शिबिरे जुन्या वाचकांना आठवत असतील. त्यानंतरही ते थांबले नाही. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडमधल्या बिलासपूर जिल्ह्यात एका शिबिरात काही तासांत ८३ स्त्रियांवर नसबंदीच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि त्या दिवसांत तिथल्या अशा शिबिरांनंतर दहाहून अधिक स्त्रिया दगावल्या. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देविका बिस्वास यांच्या याचिकेवर निकाल देताना अशी शिबिरे तीन वर्षांत बंद करायला सांगितले. आम्ही कुणावर शस्त्रक्रिया करत नाही, रक्तदाब आणि साखर मोजतो. पण गर्दी, घाई आणि आकड्याचा मोह या तीन गोष्टी आमच्याकडेही होत्या. ज्या रिक्षावाल्या चाचांची साखर भलतीच वाढलेली निघाली त्यांना आम्ही चिठ्ठीवर आकडा लिहून दिला आणि 'डॉक्टरला दाखवा' म्हटले. कोणत्या डॉक्टरला? वस्तीजवळच्या मनपा दवाखान्याची वेळ त्या चिठ्ठीवर नव्हती. पुढच्या वेळी ज्या दवाखान्याशी आधी बोलणे झाले आहे आणि जिथे नेऊन सोडायला आमचा माणूस आहे, तेवढीच तपासणी करायची असे ठरले आहे.

आता माझी स्वतःची चूक, कारण ती दुसऱ्या कोणाची नव्हती. गर्दीत झेरॉक्स मशीन अडकले, तेव्हा मी सुचवले की कागदांचे फोटो काढून स्वयंसेवकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाका, रात्री बसून फॉर्म भरू. दिवसभर फोटो येत राहिले. आधारच्या दोन्ही बाजू, पासबुकाची पहिली पाने, मृत्यूचे दाखले, एका मुलीचा वैद्यकीय अहवाल. त्या ग्रुपवर चाळीसहून अधिक माणसे होती आणि त्यांतल्या काहींना मी त्या सकाळी पहिल्यांदाच भेटलो होतो. दिवसभर ऑफिसात ग्राहकांचा डेटा कसा जपावा यावर मीच प्रवचने देतो!

आपल्या वस्त्यांत ही चूक आणखी महाग पडते. डिसेंबर २०१९ नंतरचे महिने आठवा. नागरिकत्व दुरुस्ती कायदा झाला होता, नागरिक नोंदणीच्या अफवा गल्लोगल्ली फिरत होत्या आणि दारात येऊन साधे नाव विचारणाऱ्यालाही लोक परत पाठवत होते. ती भीती गेलेली नाही. तरीही ती पिशवी त्या खालांनी माझ्यासमोर टेबलावर रिकामी केली. त्या विश्वासाला आम्ही चाळीस फोनांत वाटून टाकले. आता ग्रुप पुसला आहे, प्रत्येकाला फोन करून फोटो काढून टाकायला सांगितले आहे. सगळ्यांनी काढले असतील याची खात्री मी देऊ शकत नाही. २०२३ मध्ये डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेत मंजूर झाला. कायदा बाजूला ठेवला तरी नियम साधे आहेत. जिथे फक्त ओळख पटवायची तिथे शेवटचे चार अंक दिसणारे मास्क केलेले आधार चालते. कागद माणसासमोर स्कॅन करून त्याच्यासमोरच अर्जाला जोडायचा आणि लॅपटॉपवरून काढून टाकायचा. आमच्या वहीत नाव, एक फोन नंबर, काम आणि पुढची तारीख याहून जास्त काही लिहायचे नाही. आणि फोटो? हातात दाखला घेऊन उभ्या असलेल्या विधवेचा फोटो आता आमच्या अहवालात नसेल. एका देणगीदारांना हे पटले नाही. त्यांच्या भावनेचा आदर ठेवून आम्ही त्यांचे पैसे घेतले नाहीत.

कायद्याच्या टेबलावरून मात्र एक गोष्ट शिकलो, ती वकील ताईंमुळे. त्यांनी दिवसभरात सर्वांत कमी माणसे पाहिली, बारा की तेरा. पण त्यातल्या प्रत्येकीची पुढची तारीख त्यांनी स्वतःच्या डायरीत लिहिली होती. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो, हे आपल्याकडे शिकलेल्यांनाही ठाऊक नसते. त्यांच्याकडे आलेल्यांत तिघी अशा होत्या ज्यांना नवऱ्याने तोंडी सोडले होते. तोंडी सोडलेल्या बाईकडे सोडल्याचा कागद नसतो, म्हणून ती योजनेच्या दृष्टीने विवाहित असते आणि घरात एकटी. १० जुलै २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की घटस्फोटित मुस्लिम स्त्रीही फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली पोटगी मागू शकते. ताईंनी त्या तिघींना घेऊन जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाण्याचा दिवस तिथल्या तिथे ठरवला आणि त्या दिवशी स्वतः हजर राहिल्या. आमच्या अहवालात त्यांचे टेबल सर्वांत खाली होते, कारण आकडा लहान.

यावर आक्षेप येईल की आपण छोटी माणसे, नोकऱ्या करून हे करतो, पाठपुरावा कुठून आणायचा? खरे आहे. म्हणून सेवा कमी करायच्या. बारा टेबलांऐवजी चार. तीनशे टोकनांऐवजी साठ, आणि त्या साठांचे काम संपेपर्यंत नवे शिबिर नाही. ज्यांना त्या दिवशी परत पाठवावे लागेल त्यांना वाईट वाटेल, पण निदान 'झालंच काम' असे समजून ते घरी जाणार नाहीत. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने १९९३ पासून कचरावेचकांचे जे काम उभे केले ते रोजच्या वस्तीतल्या वावरातून. आपण संघटना नाही आहोत, हे मान्य करून निदान त्यांच्याकडून चिकाटी उसनी घ्यावी.

आणि पोचपावती. महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क अधिनियम आहे. अधिसूचित सेवेसाठी अर्ज केला की तारखेसह पोचपावती मिळायला हवी, ठरलेल्या मुदतीत सेवा मिळाली नाही किंवा अर्ज फेटाळला तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते, चुकणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. आमच्या वहीतल्या लोकांना कचेरीतून परत पाठवले गेले ते जवळजवळ सगळे तोंडी. अर्ज घेतलाच नाही, म्हणून पोचपावती नाही, म्हणून मुदत सुरू झाली नाही, म्हणून अपील नाही. सोबत एखादा माणूस असता आणि त्याने "साहेब, अर्ज घ्या आणि काय कमी आहे ते लिहून द्या" एवढे म्हटले असते तरी पुष्कळ अडले असते ते सुटले असते. त्यासाठी वकील लागत नाही. अर्ध्या दिवसाची रजा लागते.

पुढचे शिबिर त्याच वस्तीत, त्याच शाळेत घेत आहोत. वेळ दुपारी चार ते रात्री नऊ. टेबले चार: नाव आणि मोबाइलची दुरुस्ती, निराधार योजना, रेशन, कायदा. त्यानंतरच्या दोन महिन्यांत रोज एक स्वयंसेवक एका कुटुंबासोबत कचेरीत जाईल, अशी यादी करायची आहे. शिबिराच्या दिवसासाठी स्वयंसेवक पुरेसे झाले आहेत. हवी आहेत ती माणसे ज्यांना आठवड्याच्या मधल्या वारी अर्धा दिवस काढता येईल. निवृत्त शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, रात्रपाळी करणारे आमचे आयटीतले मित्र, सर्वांना हे जमण्यासारखे आहे. कोणता वार देता येईल तेवढे कळवा.

खालांचे काम अजून चालू आहे. आधारवरचे आणि पासबुकावरचे नाव आता एक झाले आहे, त्याला तीन फेऱ्या लागल्या. उत्पन्नाच्या दाखल्याचा अर्ज गेल्या मंगळवारी दिला. पोचपावतीचा फोटो त्यांच्या नातीच्या मोबाइलमध्ये आहे, माझ्या नाही.